बोर्डावरचा आकडा येतो कुठून? फुटबॉलची भरपाई वेळ, नव्याने पाहणाऱ्यांसाठी

२१ नोव्हेंबर २०२२. कतारच्या विश्वचषकात इंग्लंड आणि इराण खेळत होते, आपल्याकडे साडेसहाला सामना सुरू झाला होता. इंदूरला राजेंद्रनगरच्या आमच्या घरी शेजारच्या काकू मेथीची जुडी निवडायला घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांचा नातू नुकताच फुटबॉलला जाऊ लागला होता आणि त्याच्याशी बोलता यावं एवढा तरी खेळ आपल्याला कळला पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. पंचेचाळीस मिनिटं होत आली तशी त्यांनी मेथी आवरायला घेतली. तेवढ्यात मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पंचाने बोर्ड वर धरला: १४.

"पंचेचाळीस मिनिटांचा हाफ ना? मग हे चौदा कुणी दिले?"

नव्या माणसाचा घोळ या 'कुणी दिले'पासूनच सुरू होतो. भरपाई वेळ म्हणजे रेफरीने दिलेली बक्षिसी, असं एकदा डोक्यात बसलं की पुढचा प्रत्येक आकडा पक्षपाताचा वाटू लागतो. खरं तर ती उधारी आहे. खेळाची जेवढी मिनिटं खोळंब्यात गेली, तेवढी रेफरी त्याच हाफमध्ये फेडतो. त्या दिवशी सामन्याच्या सुरुवातीलाच इराणचा गोलरक्षक अलिरेझा बेरानवांद आपल्याच सहकाऱ्याला जोरात धडकला होता. बराच वेळ उपचार चालले, तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा खाली बसला आणि शेवटी त्याला बाहेर न्यावं लागलं. त्या वेळात घड्याळ चालू होतं आणि खेळ बंद होता. चौदातली बहुतेक मिनिटं तिथली.

आता हा हिशेब स्वतःला कसा करता येईल ते क्रमाने सांगतो. एक वही, एक पेन आणि फोनमधलं स्टॉपवॉच, एवढं सामान पुरे. दोन-तीन सामने असे मोजून पाहिले की बोर्ड वर जाण्याआधी तुम्हीच घरच्यांना आकडा सांगू लागाल.

आधी दुसऱ्या खेळांची सवय बाजूला ठेवा

आपल्या इंदूरच्या अंगात क्रिकेट आहे. सी. के. नायडूंच्या होळकर संघाच्या गोष्टी ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. एकदिवसीय किंवा टी-ट्वेंटीमध्ये डाव संपतो तो चेंडू मोजून. कुणाच्या बुटाची नाडी सुटली, कुणी हातमोजे बदलले, तरी राहिलेले चेंडू कुठे जात नाहीत. दुसरी सवय रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर लागते. तिथे शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं, खेळ सुरू झाला की पुन्हा चालू होतं. हॉकीतही पेनल्टी कॉर्नरला वेळ थांबवतात, हे महूकडच्या हॉकीवाल्यांना सांगायला नको.

फुटबॉलचं घड्याळ मात्र कशासाठीच थांबत नाही. गोल झाला, कुणी पडलं, कुत्रं मैदानात शिरलं, तरी ते पंचेचाळीसपर्यंत धावतच राहतं. म्हणून वाया गेलेल्या वेळेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ते काम मैदानातल्या मुख्य रेफरीचं, आणि त्याचा शब्द शेवटचा. बोर्ड धरणारा चौथा पंच आकडा ठरवत नाही. रेफरी सांगतो, तो दाखवतो. बोर्डाकडे पाहून त्याच्यावर चिडणारे लोक मी घरोघरी पाहिले आहेत, त्या बिचाऱ्याचा त्यात काही संबंध नसतो.

शब्दांची एक गाठ इथेच सोडवून टाकू. भरपाई वेळ, इंज्युरी टाइम, स्टॉपेज टाइम, ॲडेड टाइम हे सगळे शब्द एकाच गोष्टीचे. 'इंज्युरी टाइम' तोंडात बसलेला आहे, पण तो अपुरा आहे, कारण वेळ फक्त दुखापतीत जात नाही. अतिरिक्त वेळ, म्हणजेच एक्स्ट्रा टाइम, ही वेगळी वस्तू. बाद फेरीत नव्वद मिनिटांनंतरही बरोबरी राहिली तर पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग आणखी खेळवतात, ती अतिरिक्त वेळ. त्या पंधरा मिनिटांच्या भागांनाही आपापली भरपाई वेळ असते. बातम्यांमध्ये कधीकधी दोन्हींना 'अतिरिक्त वेळ' म्हणून टाकतात. अशा वेळी मिनिट पाहायचं. ९०+३ लिहिलं असेल तर भरपाई वेळ, १०५ लिहिलं असेल तर अतिरिक्त.

काय मोजायचं, काय सोडायचं

खेळाच्या नियमावलीतला सातवा नियम सामन्याच्या वेळेचा आहे. भरपाई कशाकशाची द्यायची, हे त्यात सांगितलं आहे: खेळाडू बदलणं, जखमी खेळाडूला तपासणं आणि बाहेर नेणं, मुद्दाम वेळ काढणं, कार्ड दाखवणं, पाणी पिण्यासाठी किंवा अंग थंड करण्यासाठी दिलेली विश्रांती, व्हीएआरची (म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय पडताळणाऱ्या पंचांची) तपासणी, गोलनंतरचा जल्लोष, आणि खेळ पुन्हा सुरू व्हायला बराच उशीर लावणारं दुसरं कोणतंही कारण.

यादीत जे नाही, ते जास्त महत्त्वाचं. चेंडू बाहेर गेला आणि कडेच्या रेषेवरून हाताने आत फेकला (थ्रो-इन), गोलसमोरून मारला (गोल किक), कोपऱ्यातून मारला (कॉर्नर), साधा फाउल होऊन लगेच फ्री किक मारली, हे सगळं खेळाचा भाग म्हणून धरतात. त्यासाठी काही मिळत नाही. मोठ्या सामन्यांतही चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो नव्वदपैकी साधारण पंचावन्न ते साठ मिनिटं, ते यामुळेच. नवखी मंडळी स्टॉपवॉच घेऊन बसतात ती प्रत्येक थ्रो-इनला बटण दाबतात आणि हाफ संपेपर्यंत त्यांच्याकडे बारा मिनिटं जमतात. तसं करायचं नाही. थ्रो-इनला खेळाडू रेंगाळतोय, चेंडू दुसऱ्याकडे देतोय, मग आणखी तिसऱ्याकडे, असा खोळंबा दिसला तरच तो वेळ धरायचा.

खेळाडू बदलताना साधारण अर्धं मिनिट धरा. हा अंदाज झाला. बाहेर जाणारा पाय ओढत निघाला तर जास्त जाईल. पूर्वी बाहेर जाणारा खेळाडू पार पलीकडच्या टोकापासून टाळ्या वाजवत सावकाश चालत यायचा. २०१९ पासून नियम बदलला आणि त्याने सर्वांत जवळच्या रेषेतून बाहेर पडायचं ठरलं. मोठ्या स्पर्धांत एका संघाला पाच खेळाडू बदलता येतात, पण खेळ थांबवून तीनच वेळा. मध्यंतरात केलेला बदल त्यात धरत नाहीत, आणि त्यात खेळाचा वेळही जात नाही. बहुतेक बदल दुसऱ्या हाफमध्ये होतात, म्हणून दुसऱ्या हाफचा आकडा सहसा पहिल्यापेक्षा मोठा असतो.

गोलचा जल्लोष बऱ्याच जणांना मोजावासा वाटत नाही. मोजा. कतारच्या स्पर्धेआधी फिफाच्या रेफरी समितीचे प्रमुख पिएरलुईजी कोलिना यांनी हेच बजावून सांगितलं होतं. एका जल्लोषात एक-दीड मिनिट जातं, हाफमध्ये दोन-तीन गोल झाले की तीन-चार मिनिटं उडालीच. म्हणूनच त्या विश्वचषकात बोर्डावर आठ, नऊ, दहा असे आकडे दिसू लागले आणि जुने प्रेक्षक चक्रावले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही हा काटेकोरपणा उचलला. मला हा बदल मनापासून पटला. आघाडीवर असलेल्या संघाने जमिनीवर लोळून मिनिटं खायची आणि समोरच्याने हात चोळत बसायचं, हे पाहून पोटात तुटायचं.

आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याच्या विश्रांतीचा मुद्दा येतो. नियम दोन प्रकार सांगतो. नुसतं पाणी प्यायचं असेल तर जास्तीत जास्त एक मिनिट. उष्णतेमुळे अंग थंड करायची विश्रांती असेल तर दीड ते तीन मिनिटं. दोन्हींची भरपाई होते.

वही कशी मांडायची

फोनचं स्टॉपवॉच उघडा. खेळ मोजण्याजोग्या कारणासाठी थांबला की चालू करा, खेळ सुरू झाला की थांबवा, पण शून्यावर आणू नका. पुढच्या खोळंब्याला ते तिथूनच पुढे जाईल. हाफच्या शेवटी त्यावर दिसेल तो तुमचा आकडा. रेफरीही बहुधा दोन घड्याळं बाळगतो, एक सलग चालणारं आणि एक असं थांबत-चालत जाणारं. मधूनच तो मनगटाकडे बोट दाखवतो ना, तेव्हा तो खेळाडूंना सांगत असतो की हा वेळ मी धरलाय, घाई-गडबड नको.

वहीत प्रत्येक खोळंब्याला एक ओळ. उदाहरणासाठी एक पहिला हाफ मनाने रचून दाखवतो. बाराव्या मिनिटाला गोल, खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत १ मिनिट १० सेकंद. तेविसाव्या मिनिटाला बचावपटूच्या पायात गोळा आला, फिजिओ आत, १ मिनिट ४० सेकंद. एकतिसाव्याला पेनल्टी होती की नव्हती यावर व्हीएआर, १ मिनिट ३० सेकंद. चाळिसाव्याला पिवळं कार्ड आणि त्याभोवती जमलेलं टोळकं, ५० सेकंद. बेरीज ५ मिनिटं १० सेकंद. बोर्डावर पूर्ण मिनिटंच येतात, तेव्हा ५ दिसायला हरकत नाही.

कधी तुमचा आकडा चार आणि बोर्डाचा सहा असा फरक पडेल. लगेच रेफरीला दोष देऊ नका, वही पुन्हा वाचा. बहुधा टीव्हीवर गोलची पुन्हा-पुन्हा चित्रं दाखवत असताना मैदानावर चाललेला खोळंबा तुमच्या नजरेतून सुटलेला असतो. टीव्हीवर पाहणाऱ्याची ही मोठी अडचण आहे. आपण रिप्ले पाहतो तेव्हा खेळ सुरू झाला की नाही ते दिसत नाही. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर डोळा ठेवायचा आणि खेळ परत दिसला की मधलं अंतर वहीत धरायचं.

बोर्डावरचा आकडा 'कमीत कमी' असतो

या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, पण हे लक्षात ठेवा. बोर्डावर पाच आलं म्हणजे निदान पाच मिनिटं खेळ होणार. रेफरी त्यात वाढ करू शकतो, कपात करू शकत नाही. भरपाई वेळेतच कुणी जखमी झालं, कुणी वेळ काढला, गोल झाला, खेळाडू बदलला, तर त्याचीही भरपाई पुढे जोडली जाते. "पाच दाखवले आणि सात मिनिटं खेळवलं, चोर आहे!" ही ओरड त्यामुळे फुकट असते.

इंग्लंड-इराणच्याच दुसऱ्या हाफला बोर्ड दहाचा होता, आणि मेहदी तारेमीने पेनल्टीवर गोल केला तो ९०+१३ ला. इंग्लंड ६-२ ने जिंकलं. काकूंची मेथी तोवर चिरूनही झाली होती.

त्याच स्पर्धेत अर्जेंटिना-नेदरलँड्सचा उपांत्यपूर्व सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. अर्जेंटिना २-१ ने पुढे, बोर्डावर दहा मिनिटं. वाउट वेगहोर्स्टने बरोबरीचा गोल मारला तो ९०+११ ला. ही लिहिण्याची रीत समजून घ्या म्हणजे त्यातली गंमत कळेल. फुटबॉलमध्ये चालू मिनिट लिहितात. सामना सुरू होऊन अर्ध्या मिनिटात गोल झाला तर तो पहिल्या मिनिटाचा. म्हणजे ९०+११ चा अर्थ भरपाईची दहा मिनिटं पूर्ण होऊन अकरावं चालू होतं. बोर्डालाच अंतिम मानून जे झोपायला गेले, त्यांचा तो गोल हुकला. आणखी एक, ४५+२ आणि ४७ एक नव्हेत. पहिला गोल मध्यंतराआधीचा, दुसरा नंतरचा.

याच मिनिटांनी खेळाचा इतिहास किती वेळा फिरवलाय! २६ मे १९९९, बार्सिलोनाचं कॅम्प नू मैदान, चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. बायर्न म्युनिक सहाव्या मिनिटापासून १-० ने पुढे. बोर्डावर तीन मिनिटं. ९०+१ ला टेडी शेरिंगहॅम, ९०+३ ला उले गुन्नार सोल्शेअर, आणि चषक मँचेस्टर युनायटेडचा. त्या सामन्याचे रेफरी होते हेच कोलिना. भारताचंच पाहा. जून २०२२ मध्ये कोलकात्यात आशियाई चषक पात्रतेत अफगाणिस्तानने ८८व्या मिनिटाला बरोबरी साधली, आणि सहल अब्दुल समदने ९०+१ ला विजयी गोल केला. पुढच्या वर्षी सॅफ या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत कुवेतविरुद्ध आपण १-० ने पुढे होतो, आणि भरपाई वेळेत आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. दोन्ही वेळचा आवाज अजून माझ्या कानात आहे. नव्वद मिनिटं झाली की खुर्चीवरून उठायचं नाही, ही आमच्या घरातली शिस्त तेव्हापासूनची.

शेवटची शिट्टी कधी?

बोर्डावरचा आकडा पूर्ण झाल्यावर, जास्तीची भरपाई फेडून झाली की रेफरी कधीही शिट्टी वाजवू शकतो. चालू चढाई पूर्ण होऊ द्यावी असा नियम नाही. बहुतेक रेफरी चेंडू मैदानाच्या मधोमध किंवा निरुपद्रवी जागी असताना संपवतात, कारण त्यात शहाणपण आहे. १९७८ च्या विश्वचषकात ब्राझील-स्वीडन १-१ असताना ब्राझीलला शेवटच्या क्षणी कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत असताना वेल्सचे रेफरी क्लाइव्ह थॉमस यांनी शिट्टी वाजवली, आणि झिकोने डोक्याने जाळ्यात मारलेला गोल धरला गेला नाही. नियमाने ते बरोबर होते. तरी मी त्या जागी असतो तर कॉर्नर मारू दिला नसता, किंवा दिला तर पूर्ण होऊ दिला असता.

अपवाद एकच, पेनल्टी. वेळ संपता संपता पेनल्टी मिळाली तर ती मारून होईपर्यंत हाफ वाढतो. मात्र ती एकच किक. गोलरक्षकाने अडवलेला चेंडू परत आला आणि मारणाऱ्याने पुन्हा जाळ्यात घातला, तर तो गोल नाही. पेनल्टीचा नियम आला त्याच वर्षीचा, १८९१ चा, एक किस्सा सांगतात. स्टोक आणि ॲस्टन व्हिलाच्या सामन्यात स्टोकला अखेरीस पेनल्टी मिळाली आणि व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडूच मैदानाबाहेर भिरकावला. तो सापडेपर्यंत नव्वद मिनिटं उलटून गेली आणि पेनल्टी मारायची राहूनच गेली.

कॉलनीच्या मैदानावर

टीव्हीवर बोर्ड असतो, चौथा पंच असतो, व्हीएआर असतो. आपल्या कॉलनीच्या स्पर्धेत शिट्टी, वही आणि एखादे काका. लहान मुलांच्या सामन्यात हाफ पंचेचाळीसचा नसतो, वीस-पंचवीस मिनिटांचाही चालतो, फक्त दोन्ही हाफ सारखे हवेत. शिट्टी तुमच्याकडे आली तर सामना सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून तीन गोष्टी सांगा: हाफ किती मिनिटांचा, पाणी कधी, आणि भरपाई वेळ देणार की नाही. देणार असाल तर दोन्ही हाफमध्ये द्या. वीस मिनिटांच्या हाफमध्येही दोन मिनिटं कुणी गुडघा धरून पडलं तर मुलांच्या खेळाचा दहावा भाग गेला, तो त्यांना परत मिळायलाच हवा.

शेवटच्या मिनिटात बोर्डाऐवजी आवाज वापरा. "कमीत कमी दोन मिनिटं!" असं दोन्ही बाजूंना ऐकू जाईल इतकं मोठ्याने. 'कमीत कमी' हे शब्द गाळू नका, भांडणं तिथेच होतात.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका स्पर्धेत मी पहिला हाफ दोन मिनिटं आधी संपवला. मध्यंतरात ध्यानात आलं, आणि न्याय करायचा म्हणून दुसऱ्या हाफला ती दोन मिनिटं जोडली. त्या दोन मिनिटांत गोल झाला. हरलेल्या मुलांनी तक्रार केली आणि ती खरी होती. पहिल्या हाफमधली वेळेची चूक दुसऱ्या हाफची लांबी बदलून भरायची नाही, असं सातव्या नियमात स्वच्छ लिहिलं आहे. मी त्या मुलांची माफी मागितली, पण गोल काही परत गेला नाही. मुलं मैदानावर असतानाच चूक लक्षात आली तर त्यांना लगेच परत बोलवा आणि तिथेच वेळ पूर्ण करा.

गोलरक्षक चेंडू छातीशी धरून उभा राहिला, तर पूर्वी आपण नुसतं "चल, टाक लवकर" म्हणत राहायचो. २०२५ पासून नियम आठ सेकंदांचा झाला आहे. त्याहून जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. रेफरी हात वर करून शेवटची पाच सेकंदं बोटांनी दाखवतो. मुलांना हे आधी सरावात शिकवा, एकदम सामन्यात लावू नका.

आणि वही खिशात ठेवा. सामना संपल्यावर एखादे पालक तावातावाने आले, "पाच मिनिटं कशी दिली?", तर वाद घालत बसू नका. पान उघडून समोर धरा: सातव्या मिनिटाला गोल, अकराव्याला घोटा मुरगळला, पंधराव्याला चेंडू नाल्यात गेला. नाल्याची ओळ वाचली की आमच्याकडे बहुतेकांचा आवाज खाली येतो, कारण तो चेंडू काढायला तेच धावलेले असतात.